१९८४ ची पद्मिनी फर्मागुढीच्या चढावर बंद पडते. इंजिन खोलायचं की नाही?

बोरीकर

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या बोरीहून लिहितोय. बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८४ ची, ‘जीडी’ने सुरू होणाऱ्या जुन्या नंबरची. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये उभी होती. यंदाच्या पावसात शेडचा एक पत्रा उडाला आणि सकाळी बघतो तर टपावर पाणी साचलेलं. मला राहवलं नाही. गाडी चालती करायचीच असं ठरवलं. माघात मंगेशीची जत्रा आहे, तिथे आईला ह्याच गाडीतून न्यायचं आहे.

आतापर्यंत घरी केलेलं काम: प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग टॉप गिअरमध्ये गाडी ढकलून इंजिन फिरतंय ना ते पाहिलं. फिरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास होता. इंजिन ऑइल, बॅटरी, प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे. तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली तेव्हा आई स्वयंपाक सोडून बाहेर आली.

त्रास असा. घरून निघालो की फोंडा बाजारापर्यंत गाडी छान चालते. फर्मागुढीचा चढ लागला, दुसरा गिअर टाकला की आधी पिकप जातो, मग मिसिंग मारते आणि गोपाळ गणपतीच्या देवळाच्या थोडं अलीकडे बंद. सेल्फ मारत राहिलं तरी घेत नाही. अर्धा तास थांबलं की एका सेल्फमध्ये चालू. तीनदा असंच झालं.

एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून, दोन मिनिटं आवाज ऐकून सांगितलं की हेड गेलंय, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, ह्यात पैसे घालू नका, मारुतीचं इंजिन बसवून देतो. मला ते इंजिन बदलायचं नाही. पण तो म्हणतो ते खरं असेल तर? खोलण्याआधी घरी काय काय तपासता येईल? माझ्याकडे पाना सेट, फिलर गेज आणि टेस्ट लॅम्प आहे. खालचा पत्राही बऱ्यापैकी सडलाय, त्याबद्दलही कुणी सांगितलं तर उपकार होतील.

जुना पाना

बोरीकर, हेडच्या नटाला पाना लावू नका. ही विनंती समजा.

रिंगा गेलेली गाडी सकाळी थंडीत रडवते, निळा धूर सोडते, ऑइल खाते. ती वीस मिनिटं धावून बंद पडत नाही आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीने बरीही होत नाही. हेडचं पॅकिंग गेलं असतं तर रेडिएटरमधलं पाणी कमी झालं असतं, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं असतं किंवा गाडी गरम असतानाही पांढरा धूर आला असता. ह्यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. (सकाळी पहिल्यांदा सुरू करताना सायलेन्सरमधून थोडी वाफ येणारच, आपल्या हवेत तर येणारच. तिला घाबरू नका.)

गरम झाल्यावर बंद आणि थांबल्यावर चालू, ह्याची कारणं बहुतेक करून दोनच ठिकाणी असतात. एक तर करंट जातो, नाहीतर पेट्रोल जातं. आणि हे घरी अंगणात कळणार नाही. गाडी जिथे बंद पडते तिथेच, त्याच मिनिटाला बघायचं. म्हणून पुन्हा एकदा चढावर जा. बरोबर कुणाला तरी घ्या, गाडी बंद पडू लागली की रस्त्याच्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकाला दगड लावा.

पहिलं काम करंट. एका प्लगची वायर काढा, जादा प्लग तिला लावून त्याचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. हे कार्बोरेटरपासून लांब करा आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही ना ते आधी बघा. निळी, टक् टक् आवाज करणारी ठिणगी आली तर करंट चांगला. पिवळट, मेलेली ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर. कंडेन्सर नवा आहे म्हणून त्याला सोडून देऊ नका. आजकाल मिळणारे नवे कंडेन्सर आठवड्यात गेलेले मी पाहिलेत. पॉइंटची तोंडं काळी-निळी पडली असतील तर संशय पक्का धरा. पॉइंटमधली फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या मध्ये ठेवा.

दुसरं काम पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. उडाली नाही तर कार्बोरेटरची वाटी (पेट्रोल साठतं ती जागा) कोरडी आहे, म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही.

वाटी कोरडी निघाली तर एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, इंजिनावरच्या पंपावर) पाण्याने भिजवलेलं फडकं टाका आणि पाच मिनिटं थांबा. लगेच सुरू झाली तर पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ धरते. तरीही नाही झाली तर वाफेचा प्रश्न नाही, पुढे शोधायचं.

आणि मनातली भीती काढायला कॉम्प्रेशन मोजून घ्या. गेज कुणाकडून तरी आणा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर सोडलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, चार-पाच फेरे सेल्फ. आकडा किती येतो यापेक्षा चार आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन शाबूत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असले तर मग पॅकिंग. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार भाग एकदम बदलले तर त्रास कशाने गेला हे कधीच कळत नाही, आणि तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बेळगावचा लेथवाला

वरच्या सगळ्याला माझं अनुमोदन. दोन गोष्टी जोडतो.

मारुतीचं इंजिन बसवू नका. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते. शिवाय पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मागची चाकं फिरवतं, मारुती ८०० चं पुढची. गिअरबॉक्स, माउंटिंग, सगळंच नवं जुळवावं लागेल, आणि बिघडलं की कुठल्याच मेकॅनिकला ती गाडी आपली वाटणार नाही.

उद्या खरंच हेड उतरवायची वेळ आलीच तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ब्लॉक बिडाचा असला तरी ह्या गाडीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. गरम असताना नट सोडले तर ते वाकतं. फेसिंग, बोअर, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग ही कामं आमच्या उद्यमबागेत होतात, चोर्ल्याच्या घाटातून एका दिवसात येऊन जाता येतं.

डिचोलीची लेक

बोरीकरदादा, तुमची गाडी नऊ वर्षं उभी होती म्हणता. मला तरी टाकीचाच संशय येतो.

माझ्या आजोबांची गाडी आम्ही दोन वर्षांपूर्वी चालू केली. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं. १९८४ मध्ये असं पेट्रोल नव्हतं, त्यामुळे गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढून घेतं, टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला चिकटा सोडवतं आणि जुन्या रबरी नळ्या आतून फुगवतं. आमची नळी बाहेरून अगदी धडधाकट दिसत होती. पात्याने उभी चिरली तर आतलं भोक माचिसच्या काडीएवढं राहिलेलं. तुमच्याही सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, पंपाचा पडदाही त्याच प्रकारचा. ह्या कामात पैसे वाचवू नका, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते.

आणि बाटलीची परीक्षा माहीत असेलच. टाकी बाजूला ठेवून छोट्या बाटलीतून थेट पंपाच्या आत जाणाऱ्या तोंडाला पेट्रोल द्यायचं. गाडी नीट चालली तर पंप आणि कार्बोरेटर दोन्ही सुटले, दोष मागे. हे घरच्या अंगणातच करा, बाटली सायलेन्सरच्या पाइपापासून दूर घट्ट बांधा आणि जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवा. बाटली लावून रस्त्यावर नेऊ नका.

बोरीकर

काल रविवारी चुलतभावाला घेऊन गेलो. नेहमीच्या ठिकाणीच बंद पडली. ठिणगी निळी, कडक. कार्बोरेटरमध्ये धार उडाली नाही, वाटी कोरडी. ओलं फडकं पाच नाही, दहा मिनिटं ठेवलं, सुरू झाली नाही. अर्ध्या तासाने झाली.

कॉम्प्रेशन घरी आल्यावर मोजलं. ११५, ११८, ११२, ११६ पाउंड. हे आकडे कागदावर लिहून मी आईला दाखवले. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण इंजिन चांगलं आहे एवढं ऐकून तिला बरं वाटलं.

जुना पाना

सुरेख आकडे. त्या गॅरेजात पुन्हा जाऊ नका.

आता टाकीच. जाण्याआधी सायकलचा पंप गाडीत ठेवा. बंद पडली की टाकीचं झाकण उघडा, एसी पंपाकडे येणारी नळी सोडा आणि तिच्यातून मागे टाकीकडे हवा मारा. टाकीत बुडबुड ऐकू यायला हवं. आधी हवा अडली आणि मग एकदम मोकळी झाली, तर टाकीतल्या नळीच्या तोंडाशी गंज चिकटतोय. इंजिन ओढतं तेव्हा कचरा जाळीवर जाऊन बसतो, ओढ थांबली की हळूहळू खाली पडतो. तुमचा अर्धा तास त्याचाच.

म्हापशेकर

इंजिनाबद्दल जाणकार बोललेत, मी पत्र्याचं सांगतो. गेली काही वर्षं जुन्या गाड्यांच्या पत्र्याचंच काम करतोय.

आपल्याकडे गाडी वरून सडत नाही, खालून सडते. दाराखालचा पत्रा, जॅक लावायच्या जागा, पायाखालचा फ्लोअर, डिकीतली स्टेपनीची जागा. मॅटिंग उचला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टण् वाजलं तर पत्रा आहे, भद्द वाजलं तर खाली गंज आहे, वर रंग कितीही चकचकीत असो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. तारेने मोकळी करा, आजच करा.

सडलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरू देऊ नका. लांबी ओल धरते, दोन पावसात फुगा येतो. सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर सोडा आणि पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आतली वाफ पेटते. मग रेड ऑक्साइड, आणि खालून अंडरकोटिंग.

रंगाचं काम आत्ता डिसेंबर-जानेवारीत उरका. दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, मे संपला की कुणी कितीही सांगितलं तरी ऐकू नका. गाडी झाकायला प्लास्टिक वापरू नका, खाली घाम धरतो. सुती कव्हर घाला.

पण त्याआधी ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत आणि नऊ वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर अडकलेले असतातच. तुम्ही ह्या ब्रेकवर फर्मागुढी उतरताय हे वाचून मला धडकी भरली. चारही ड्रम उघडल्याशिवाय पुन्हा चढावर जाऊ नका.

बेळगावचा लेथवाला

भागांचं विसरलो होतो. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फेरी मारून ब्रेकचे किट, पंपाचे पडदे, डिस्ट्रिब्युटरची टोपी आत्ताच घेऊन ठेवा.

आणि विंटेजच्या ‘व्हीए’ नंबरच्या मागे लागू नका. २०२१ च्या नियमांनुसार त्याला गाडी ५० वर्षांची लागते, आणि तो घेतला की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. आरसीचं पाच-पाच वर्षांचं नेहमीचं नूतनीकरण करून घ्या, आईला हवं तिथे नेता येईल.

बोरीकर

सगळ्यांना देव बरें करूं. उशिरा लिहितोय कारण म्हापशेकरांचं वाचून आधी ब्रेक उघडले. मागचा डावा सिलिंडर दगडासारखा घट्ट होता. चारही नवे घातले, तेल बदललं, हवा काढली.

मग सायकलचा पंप घेऊन गेलो. तीन-चार दाब काहीच गेलं नाही, पाचव्याला टाकीत बुडबुड झालं. नळी लावली, गाडी सुरू. चुलतभाऊ रस्त्यातच ओरडला.

टाकी उतरवली. वाटीभर लाल गंज निघाला, अगदी आपल्या चिऱ्याच्या भुकटीसारखा. व्हिनेगर भरून तीन दिवस ठेवली, आत साखळी घालून घुसळली, सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात पूर्ण वाळवली. जाळी साफ, नळ्या नव्या, पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावलाय. काल बोरी ते मंगेशी आणि परत, मध्ये एकदाही बंद नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये पिकप टिकून होता. फिल्टरमध्ये तळाला थोडा लाल गाळ दिसतोय, म्हणून दर आठवड्याला बघणार.

आता जुना पत्रा कापायला घेतोय. पुढच्या काचेचं रबर इतकं कडक झालंय की ते कापूनच काढावं लागेल. नवं रबर हल्ली कुणाला मिळालं असेल तर कळवा, जत्रेआधी काच परत बसवायची आहे.