तांब्याच्या नाण्यांवरचा हिरवा चिकटा कशाने काढावा?

जुनीपेटी: आजोबांची चाळीसेक तांब्याची नाणी हाती आलीत. वर्षानुवर्षं मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांत होती. काहींवर हिरवट चिकट थर आहे, दोनांवर चिकटपट्टीचा डिंक. लिंबू-मीठ चालेल का? एकजण ॲसिटोन म्हणाला, पण भीती वाटते.

ढब्बू: लिंबू-मीठ अजिबात नको! आम्ल वरचा तपकिरी थरच खातं. मी लहानपणी एक नाणं असं चकाचक केलं होतं. ते गुलाबी पडलं, आता कुणाला दाखवायचीही लाज वाटते.

काचवाटी: हिरवा थर बहुधा पाकिटाचाच प्रताप. पाकिटाचं प्लॅस्टिक म्हणजे पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य झिरपतं, शिवाय पीव्हीसी खराब होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते तांब्याला खातं. ॲसिटोन हे चिकट द्रव्य आणि डिंक विरघळवतं, तांब्याचा मूळ रंग सहसा जसाच्या तसा राहतो.

शुद्ध ॲसिटोन घ्या. नखांचं पॉलिश काढायचं नको, त्यात पाणी, सुगंध, तेलं असतात. काचेच्या दोन झाकणाच्या वाट्या हव्यात. पहिलीत पंधरा-वीस मिनिटं भिजवा, मग दुसरीत ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवून काढा. ही दुसरी बुडी लोक टाळतात. मग पहिलीत विरघळलेला मळ वाळताना पातळ पापुद्र्यासारखा परत नाण्यावर बसतो. घासू नका, पुसू नका, कडेवर उभं करून वाळू द्या.

आणि हो, ॲसिटोनची वाफ उणे वीस अंशालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते. त्यामुळे खिडक्या उघड्या, आसपास शेगडी नाही, काडेपेटी नाही.

जुनीपेटी: हातमोजे?

काचवाटी: नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) ॲसिटोनपुढे काही मिनिटंच टिकतात. बांबूचा चिमटा वापरा.

ढब्बू: तेल-मेण असेल तर झायलीन हे दुसरं विरघळवणारं द्रव जास्त चांगलं, पण वाफ त्रासदायक. उघड्यावरच वापरा आणि शेवटी ॲसिटोनची बुडी द्या. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्लोराइड क्षारांमुळे तांबं गंजतच राहणं, त्यावर यातलं काहीच चालत नाही. ते नाणं कोरडं ठेवून जाणकाराला दाखवा.

जुनीपेटी: आधी दोन साधी नाणी करून पाहिली. डिंक गेला! हिरवंही गेलं, पण खाली बारीक खड्डे दिसतायत.

काचवाटी: ते आम्लाने आधीच केलेले, भरून येणार नाहीत. बाकीची त्या पाकिटांतून आजच काढा, पॉलिएस्टरच्या पाकिटांत घाला.