बाबांचा व्हिपलनंतरचा रिपोर्ट: एम्पुला म्हणजे पॅन्क्रियासच का?

डिचोलीकर:
बाबा ६६ वर्षांचे. डिचोलीत किराणा दुकान, एकादशीला देवळात भजनाला पेटी. जूनमध्ये डोळे पिवळे झाले आणि अंगाला अशी खाज सुटली की पेटीवर हात ठरेना. कावीळ म्हटल्यावर आमच्याकडे आधी झाडपाला आठवतो. त्यात तीन आठवडे घालवले, चूक आमचीच. मग सीटी, पित्तनळीत स्टेंट आणि गेल्या महिन्यात व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं आणि आजूबाजूचं काढायचं मोठं ऑपरेशन. आता घरी आहेत, पेज घेतात.

काल रिपोर्ट मिळाला: एम्पुलरी अ‍ॅडिनोकार्सिनोमा, २.१ सेंमी, पीटी२ (गाठ किती खोल गेली तो टप्पा), लसिका गाठी २/१७, अनसिनेट मार्जिन १.५ मिमी, पेरीन्यूरल इन्व्हेजन आहे. डॉक्टर सोमवारी भेटतील. मी रात्रभर नेटवर पॅन्क्रियासचा, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर शोधत बसलो, जिथे तिथे जगण्याची दोनेक वर्षं. आईला अजून काही बोललो नाही. कुणाला यातलं कळतं का?

शाई_लावणारा:
मी डॉक्टर नव्हे, मडगावच्या एका लॅबमध्ये २८ वर्षं टेक्निशियन होतो. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं सांगतो.

तुम्ही शोधलात तो आजारच दुसरा. पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात उघडतात ते तोंड म्हणजे एम्पुला. स्वादुपिंडाचं डोकं, पित्तनळीचं खालचं टोक, एम्पुला, ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) ही चारही एकमेकांना चिकटून. ऑपरेशन चौघांनाही तेच, पण पुढची वाट वेगळी. एम्पुलावरची गाठ लहान असतानाच पित्त अडवते, म्हणून माणूस लवकर पिवळा होतो आणि लवकर टेबलावर जातो. ऑपरेशननंतर पाच वर्षं काढणारे एम्पुलात साधारण निम्मे, स्वादुपिंडात पाचात एकाच्या आसपास. लसिका गाठींत उतरलेलं असलं की एम्पुलाचाही आकडा बराच खाली येतो, हेही लपवत नाही.

आता २/१७ मधल्या १७ कडे बघा: सतरा लसिका गाठी तपासल्या, दोनांत कॅन्सर. लोक फक्त २ वाचतात. त्या गाठी चरबीत दडलेल्या असतात, बोटांनी चिवडून शोधाव्या लागतात, पाठ मोडते. किमान १२ तरी तपासाव्यात असा दंडक आहे. पाचच सापडल्या आणि पाचही कोऱ्या, असा रिपोर्ट मला कधीच गोड वाटला नाही. तुमच्याकडे कुणीतरी मन लावून काम केलंय. एक ते तीन गाठींत कॅन्सर म्हणजे एन१ टप्पा, चारपासून एन२.

मार्जिन म्हणजे तुकड्याला बाहेरून शाई लावायची आणि शाईपासून कॅन्सर किती लांब ते मोजायचं. अनसिनेट म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्याचं मागचं टोक. एका हिशेबात शाईला कॅन्सर टेकला तरच 'आर१', म्हणजे कडेला कॅन्सर उरला असं धरतात; ब्रिटिश पद्धतीत १ मिमीच्या आत आलं तरी. तुमचं १.५, दोन्ही हिशेबांत स्वच्छ. पेरीन्यूरल म्हणजे मज्जातंतूच्या कडेने सरकलाय, ती बाजू चांगली नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिली नाहीत: प्रकार. इंटेस्टिनल (आतड्यासारखा) की पॅन्क्रिएटोबिलिअरी (स्वादुपिंड-पित्तनळीसारखा)? दुसरा वागायला स्वादुपिंडाच्या जवळचा, आणि केमो ठरवताना डॉक्टर तेही बघतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठरलं नाही तर सीडीएक्स२, सीके२०, एमयूसी१ असे स्टेन, म्हणजे पेशींची ओळख पटवणारे खास रंग, करतात.

म्हापसेकर:
आकडे वाचूच नका हो. देवावर सोडा.

फोंड्याची_वहिनी:
देवावर सोडलंच आहे, पण रिपोर्ट वाचल्याने देव रागावत नाही.

आमच्या यजमानांचं २०१९ साली पित्तनळीचं. गाठी शून्य, मार्जिन स्वच्छ, सगळे खूश. चौदा महिन्यांनी लिव्हरमध्ये निघालं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या तीन गाठींत होतं, त्या अजून दर चतुर्थीला फोन करतात. मला त्याचा हिशेब लागलेला नाही.

भाऊ, तुम्ही जेवणाकडे बघा. संडास तेलकट, पाण्यावर तरंगणारी होत असेल तर डॉक्टरांना पचनाच्या एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा. आम्हाला ते तिसऱ्या महिन्यात कळलं, तोवर यजमान नऊ किलोंनी उतरले होते. अंगात ताकद नसेल तर केमो झेपत नाही.

डिचोलीकर:
रिपोर्टचं दुसरं पानही पाहिलं, प्रकार कुठेच नाही. लॅबला फोन केला. ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले तुकडे, त्यांच्याकडेच आहेत, सोमवारी डॉक्टरांची चिठ्ठी आणली की स्टेन करतील, चार दिवस लागतील.

आईला आज सगळं सांगितलं. तिने गाठींचं काही विचारलं नाही. कॅप्सूल दिल्या तर पेजेआधी द्यायच्या की नंतर, एवढंच.

फोंड्याची_वहिनी:
आधी नको, नंतरही नको. पहिल्या घासाबरोबर.