मदत हवी आहे: अपॅरल डिझाइन आणि सामाजिक न्याय, असिस्टंट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज

उसवणकर
नमस्कार. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. इथे अमेरिकेत एका विद्यापीठात अपॅरल डिझाइनची जागा निघाली आहे. उमेदवाराचं काम सामाजिक न्यायाशी जोडलेलं हवं, असं जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय. माझं काम व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या कपड्यांवर आहे. ते यात बसतं का? आणि स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या निवेदनात, नेमकं काय लिहायचं? सोमवारी रात्री पोर्टल बंद होतंय. गुगल करून झालंय, सगळीकडे तेच गुळगुळीत सल्ले. ज्यांनी असे अर्ज केलेत किंवा तपासलेत त्यांनीच लिहा, प्लीज.

गोटाकिनार
कोणतं स्टेटमेंट? रिसर्च, टीचिंग की डायव्हर्सिटी? टेन्युअर ट्रॅक (पुढे कायम होऊ शकणारी जागा) आहे की वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट? तुमची पीएचडी की एमएफए (कलेतली मास्टर्स)? राज्य कोणतं? यातलं काहीच न सांगता 'काय लिहू' विचारलंत तर आम्ही तरी काय सांगणार?

व्हिसाकाका
स्टेटमेंट नंतर. आधी व्हिसाचं स्टेटस सांग. ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर) असशील आणि डिग्री स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत नसेल तर हातात एकच वर्ष. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीत उतरावं लागत नाही ही जमेची बाजू. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली एक लाख डॉलरची फी बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर आहे. इथल्या इथे एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून स्टेटस बदलणाऱ्याला ती लागू नाही, असं यूएससीआयएसने (इमिग्रेशन खात्याने) त्याच ऑक्टोबरमध्ये सांगितलंय. म्हणून सध्या भारतवारी टाळ.

उसवणकर
काका, व्हिसाचं मी विचारलंच नव्हतं :( पण ठीक, लक्षात ठेवते.
एमएफए, याच वर्षी झाली. टेन्युअर ट्रॅक आहे. राज्य सांगणार नाही, लगेच ओळखू येईल. स्टेटमेंट एकच मागितलंय, 'रिसर्च किंवा क्रिएटिव्ह स्कॉलरशिप', त्यातच सामाजिक न्याय यायला हवा. शिवाय पोर्टफोलिओ आणि शिफारस करणाऱ्यांची तीन नावं.

कात्रीवाला
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ही सगळी फॅडं आहेत. कपडा नीट बेतलाय का, शिवण सरळ आहे का, मुंढा बसतोय का, हे पाहावं. न्याय द्यायला कोर्टं आहेत.

ठिगळ
कात्रीवाला, २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं गेली, बहुतेक स्थलांतरित तरुण मुली. बांगलादेशातली कपडे कारखान्यांची इमारत राणा प्लाझा कोसळली, २०१३, अकराशेवर मृत्यू. आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर अमेरिकेच्या लेबर खात्याची २०२२ ची दक्षिण कॅलिफोर्नियाची पाहणी वाचा. तपासलेल्या दहापैकी आठ ठिकाणी मजुरीचा कायदा मोडलेला, आणि एक ठेकेदार तासाला १.५८ डॉलर देत होता. तुमची सरळ शिवण मारणारी बाई तीच.

कात्रीवाला
ते मजुरीचं झालं. डिझाइनचं काय?

ठिगळ
डिझाइनरने टेक-पॅकमध्ये (कारखान्याला दिलेल्या सूचनापत्रात) चार टॉपस्टिच (वरून दिसणाऱ्या शिवणी) जास्त मागितल्या आणि भाव तोच ठेवला तर त्या कोणाच्या वेळातून निघतात? नगावर पैसे मिळत असतील तर त्या बाईच्याच. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२२ पासून शिवणकामात नगावर मजुरी देणं बंद केलं.

पैठणीप्रेमी
दोघांनाही: कपड्यातला न्याय शोधायला कॅलिफोर्नियाला कशाला जायला हवं? डिसेंबर १९२७, महाड. बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, लुगडं सवर्ण बायकांसारखं नेसा, जातीची खूण सांगणारे जाड दागिने टाकून द्या. नेसण्याची पद्धत ही खूण असते हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. उसवणकर, हे स्टेटमेंटमध्ये घालाच, निवड कमिटी गार होईल.

गोटाकिनार
महाडचं खरं आहे, पण तिचं काम व्हीलचेअरचं आहे! उगाच कुठलं कुठे जोडलं की उसनं वाटतं.

थ्रीडीभक्त
सीएलओ (कपड्यांचं थ्रीडी सॉफ्टवेअर) येतं का? सध्या जागा त्यावरच भरतात. तीन कपडे डिजिटल करून टाक. कापडही वाया जात नाही, म्हणजे तोही न्यायच झाला.

बैठेकाम
माझी ही तिसरी निवड कमिटी आहे, वस्त्र विभागातलीच. वर कोणीच विचारलं नाही ते मी विचारते: प्रत्यक्षात केलंयस काय? 'व्हीलचेअर वापरणाऱ्यांचे कपडे' यावरून मला काहीच दिसत नाही. एक कपडा घे आणि सांग.

उसवणकर
जीन्स. बाजारातली पँट उभ्या माणसाच्या मापांवर बेतलेली असते. बसलं की मागून कंबर खाली घसरते आणि पुढे पोटाशी कापडाचा गोळा होतो. मी मागची बैठक (कंबरेपासून दोन पायांमधल्या शिवणीपर्यंतचा भाग) उंच केली, पुढची उतरवली. मागचे खिसे काढले, रिव्हेट (धातूची बटणं) काढले आणि बुडाखाली येणारी जाड शिवण बाजूला सरकवली. दिवसभर त्यावर बसून राहिलं की कातडीला जखमा होतात, ज्यांना संवेदना नाही त्यांना कळतही नाही. बाजूला लांब चेन दिली, म्हणजे आडवं न होता घालता येईल.
एक अडचण आहे. एका सहभागी मुलाने चेन नाकारली. म्हणाला, 'लोकांनी माझ्या पँटबद्दल विचारायला नकोय.' त्याला नेहमीसारखी दिसणारी जीन्स हवी होती, घालायला अर्धा तास लागला तरी चालेल. हा भाग गाळू ना? काम फसल्यासारखं वाटेल.

बैठेकाम
गाळू नकोस. स्टेटमेंटची सुरुवात तिथूनच कर.
कमिटीपुढे शंभरच्या आसपास अर्ज असतात, आणि निम्म्यांत 'वंचितांना आवाज दिला' छापाची वाक्यं. आम्ही पाहतो ते वेगळंच: निर्णय कोणाचा होता? त्या मुलाने नाही म्हटल्यावर तुझा पॅटर्न (कापड बेतायचा कागदी नमुना) बदलला का? बदलला असेल तर दोन्ही पॅटर्न शेजारी शेजारी लाव. दुरुस्तीच्या खुणा, टाचण्या दिसू देत, साफसूफ केलेलं चित्र नको. सहभागींना वेळेचे पैसे दिलेस का तेही लिही. एका वाक्याचं काम आहे, पण बहुतेक जण ते लिहीतच नाहीत.
आणखी एक. कमिटीत एक टेक्स्टाइल केमिस्ट असेल, एक मार्केटिंगवाला आणि कदाचित विभागाबाहेरचा एखादा. बैठक, रिव्हेट त्यांना कळतं. 'इंटरसेक्शनल प्रॅक्सिस' तीनदा आलं की केमिस्ट घड्याळाकडे बघतो.

गोटाकिनार
+१. आणि अपंगत्व सामाजिक न्यायात बसतं का हा प्रश्नच सोडा. अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या १९९० च्या एडीए कायद्यापासून ही हक्कांचीच भाषा आहे. जीन्समधून ते दिसू दे, वेगळं समर्थन नको.

सावधपणा
मी उलट सांगेन. 'न्याय' हा शब्दच टाळा. टेक्ससने सरकारी विद्यापीठांतली डीईआय (विविधता, समता, समावेश) कार्यालयं आणि डायव्हर्सिटी स्टेटमेंट २०२४ पासून बंद केली, एमआयटीने त्याच वर्षी स्टेटमेंट मागणं सोडलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये. वारा कुठे वाहतोय ते दिसतंय. म्हणून राज्य कोणतं ते महत्त्वाचं.

ठिगळ
अहो, जाहिरातच सामाजिक न्यायाची आहे! तिथे तो शब्द टाळून अर्ज कसा करणार?

सावधपणा
जागा भरेपर्यंत जाहिरात मागे घेतली तर? तोच अर्ज दुसरीकडे वापरता यायला हवा, एवढंच म्हणणं.

बैठेकाम
अर्धं पटलं. शब्द एकदा, त्यांच्या जाहिरातीत आहे तसा. बाकी पानभर काम. मग तो अर्ज कुठेही चालतो.

ठिगळ
पोर्टफोलिओत त्या मुलाचं नाव हवं. सहभागी माणसांची नावं गाळून 'माझं डिझाइन' म्हणायची सवय जुनी आहे. अॅन लो आठवा. १९५३ मध्ये जॅकलीन बूविएच्या, म्हणजे पुढच्या मिसेस केनेडींच्या, लग्नाचा झगा या कृष्णवर्णीय डिझाइनरने शिवला. लग्नाच्या तोंडावर पाण्याची पाइप फुटून झगे भिजले, ते तिने पदरचे पैसे घालून पुन्हा शिवले. झग्याचे फोटो जगभर गेले, तिचं नाव मात्र लोकांना बऱ्याच वर्षांनी कळलं.

गोटाकिनार
गोष्ट छान, सल्ला धोक्याचा. आयआरबीच्या (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या) संमतीपत्रात नाव गुप्त ठेवू असं लिहिलं असेल तर नाव छापणं म्हणजे सरळ उल्लंघन. उसवणकर, संमतीपत्र काढून बघा.

उसवणकर
बघितलं. 'नाव जाहीर करावं / करू नये' अशा दोन चौकटी होत्या. त्याने 'करावं'वर खूण केलीय. बाकी दोघांनी नाही.

गोटाकिनार
मग त्याचं नाव द्या. बाकीच्यांसाठी 'सहभागी २, सहभागी ३'. तरी पाठवण्याआधी त्याला एक मेसेज टाका. संमती प्रबंधासाठी होती, हा नोकरीचा अर्ज आहे.

आईसाहेब७२
विषयाशी संबंधित असल्याने इथेच विचारते. मुलीला बारावीनंतर फॅशन करायचंय, थेट अमेरिकेत पाठवावं का? फी परवडेल असं कॉलेज कोणतं? चित्रकला खूप छान आहे तिची.

कात्रीवाला
ताई, आधी सहा महिने एखाद्या चांगल्या टेलरच्या हाताखाली बसवा. चित्र काढणाऱ्या शंभर सापडतील, बाही लावता येणाऱ्या चार.

थ्रीडीभक्त
सीएलओ शिकवा तिला.

बैठेकाम
आईसाहेब, वेगळा धागा काढा ना, सविस्तर लिहिते.
उसवणकर, एमएफएचं टेन्शन घेऊ नकोस. स्टुडिओ विषयांत ती शेवटची पदवी धरतात. मात्र जाहिरातीत 'पीएचडी आवश्यक' नाही ना, ते पुन्हा वाच. आयटीएएच्या (वस्त्र आणि अपॅरल विषयाच्या प्राध्यापकांच्या संघटनेच्या) वार्षिक परिषदेत परीक्षकांनी निवडून घेतलेल्या डिझाइनचं प्रदर्शन असतं. त्यात जीन्स लागली असेल तर ठळक लिही, पेपरच्या बरोबरीने धरतात. शिकवण्याचंही एक वाक्य टाक: मुलांना पहिलाच ब्लॉक (मूळ पॅटर्न) बसलेल्या शरीरावर काढायला लावशील का? मी असते तर मुलाखतीत हेच विचारलं असतं.

व्हिसाकाका
आणि जागा मिळालीच तर ग्रीन कार्डाचं आधीच बोलून घे. विद्यापीठातल्या शिकवण्याच्या जागांना लेबर सर्टिफिकेशनची (ग्रीन कार्डाआधी लागणाऱ्या लेबर खात्याच्या मंजुरीची) वेगळी सोय आहे, पण निवड झाल्यापासून अठरा महिन्यांत अर्ज जावा लागतो. एचआर विसरतं, मग पुन्हा जाहिरात द्यायची वेळ येते.

उसवणकर
त्याचा मेसेज आला. 'नाव टाक, पण ते आडनाव नीट लिही या वेळी.' :)
स्टेटमेंट नव्याने लिहिलं, दीड पान, चेनच्या नकारापासून. आता पोर्टल पोर्टफोलिओ घेत नाहीये. मर्यादा १० एमबी, माझी पीडीएफ ४० च्या वर. पॅटर्नच्या दुरुस्त्यांचे जवळचे फोटो काढून टाकू का?

थ्रीडीभक्त
अजिबात नको, तेच तर बघायचेत त्यांना. १५० डीपीआयवर पुन्हा एक्सपोर्ट कर आणि रंगीत पार्श्वभूमीची पानं पांढरी कर. तरी बसली नाही तर रॅम्पवरचे फोटो काढ.