पोलीस मित्राबद्दल शाळेत बोलायचंय, समोर त्याची मुलगी बसलेली असेल. काय सांगू?

पायलट_रात्रपाळी

२१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, एका शाळेत बोलायला बोलावलंय. विषय माझा मित्र. महामार्ग पोलिसात हवालदार होता, गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या ड्युटीवर असताना वारला. घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव इथे लिहीत नाही. मी १०८ रुग्णवाहिकेवर पायलट आहे, म्हणजे चालक. आमच्याकडे पायलटच म्हणतात. त्यानेही मला कधी नावाने हाक मारली नाही. ‘पायलट, गाडी उलटी लाव’, ‘पायलट, आज डोळे लाल दिसतायत, झोप झाली का?’ असंच.

आमची दोस्ती रस्त्यावरच झाली. अपघात झाला की आधी त्याची जीप, मागून माझी गाडी, किंवा उलट. काम संपलं की दोघं दुभाजकाला टेकून उभे राहायचो, तो वहीत लिहायचा आणि मी स्ट्रेचर धुवायचो. हळूहळू घरी जाणंयेणं सुरू झालं. वहिनी मला दिरासारखं वागवतात.

शाळेचं म्हणणं आहे, ‘त्या रात्रीचा प्रसंग सांगा, मुलांना प्रेरणा मिळेल.’ त्याची मुलगी त्याच शाळेत नववीत आहे. पहिल्या ओळीत बसवणार म्हणाले.

मला त्याच्याबद्दल सांगायला खूप आहे. एकच सांगतो. अपघातात माणूस जागीच गेलेला असतो आणि त्याच्या खिशातला फोन वाजत असतो. ज्यांनी ते ऐकलंय त्यांना माहीत आहे. स्क्रीनवर ‘घर’ असतं, नाहीतर ‘आई’. बरेच जण फोन तसाच वाजू देतात, आणि त्यांना दोष नाही. हा उचलायचा. आधी स्वतःचा हुद्दा, मग ‘तुम्ही त्यांचे कोण? जवळ घरातलं मोठं कुणी आहे का? त्यांच्याकडे फोन द्या.’ पलीकडे लहान मूल किंवा एकटी बाई असेल तर एवढंच म्हणायचा, ‘अपघात झालाय, आम्ही सोबत आहोत, मी परत फोन करतो.’ मग त्या गावाची हद्द कोणत्या ठाण्याची ते शोधून तिथल्या ठाणे अंमलदाराला फोन करायचा आणि बीटचा माणूस, म्हणजे त्या भागाचा पोलीस, घरी पाठवायला सांगायचा. गेल्याचं फोनवर कळवायचं नाही, माणसाने समोर जाऊन सांगायचं, हा त्याचा स्वतःचा नियम. घरी माणूस पोहोचला का, हे तो पहाटेपर्यंत विचारत राहायचा. हे कुठल्याच रजिस्टरला लिहिलेलं नाही.

आणखी एक. मदत करणारे लोक पोलीस दिसले की मागे सरकतात, साक्षीला बोलावतील म्हणून घाबरतात. तो प्रत्येकाला सांगायचा की आता कायदा आहे, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती नाही, बिनधास्त हात लावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेलं कलम १३४ अ त्याला तोंडपाठ होतं. माणसं ऐकायची, परत पुढे यायची.

आता त्या रात्रीचं. टेम्पो दुभाजकावर चढला होता. चालक केबिनमध्ये अडकलेला, जिवंत. आम्ही पोहोचलो तेव्हा माझा मित्र आधीच तिथे होता. अशा ठिकाणी खरा धोका मागून येणाऱ्या गाडीचा असतो. सगळ्यांचं लक्ष जखमीकडे असतं आणि रस्त्याकडे पाठ असते. म्हणून तो आधी रस्त्यावर प्लॅस्टिकचे कोन लावायचा, मग एक माणूस लाल बॅटन, म्हणजे दिव्याची काठी, घेऊन लांब मागे उभा करायचा, आणि त्यानंतरच जखमीला हात लावायचा. त्या रात्री मागे नवीन भरती झालेला पोरगा उभा होता. केबिनमधून माणूस काढायला आम्ही कमी पडत होतो. हा त्याला म्हणाला, ‘तू पायलटबरोबर स्ट्रेचर धर, मागे मी बघतो.’ बॅटन हातात घेऊन मागे गेला.

आम्ही जखमीला आत घेत होतो तेव्हा मागे आवाज झाला. एक गाडी कोन उडवत आली होती.

आमच्या डॉक्टर मॅडम धावत गेल्या, त्याला बघितलं, आणि परत येऊन मला म्हणाल्या, ‘गाडी काढ.’ आतल्या चालकाचं रक्त थांबत नव्हतं. दुसरी रुग्णवाहिका निघालेली होती. तो पोरगा आणि क्रेनवाला त्याच्याजवळ थांबले. मी गाडी काढली. टेम्पोचालक आज चालतोय, कामावर जातोय. माझा मित्र दुसरी गाडी येईपर्यंत गेला होता.

मी जे केलं ते बरोबर होतं हे मला माहीत आहे. तो शुद्धीवर असता तर मला शिव्या घालून पाठवलं असतं. पण ही गोष्ट त्याच्या मुलीला माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की काका तिथे होते.

तर विचारायचं हे की शाळेत ती रात्र सांगावी का? आणि हे शेवटचं तिला सांगायचं की नाही?

सडेतोड

भाऊ, वाचून गलबलून आलं. पण माझं स्पष्ट मत, मुलीला शेवटचं काही सांगू नका. चौदा-पंधरा वर्षांचं लेकरू. बाप गेला एवढं ओझं पुरे आहे. कशाला खपली काढायची? शाळेत शौर्याचं सांगा, टाळ्या वाजतील, तिला अभिमान वाटेल, झालं.

जुना_हवालदार

पायलटसाहेब, आधी सॅल्यूट. मी मुख्यालयात होतो, निवृत्त झालो. स्मृतिदिनाच्या परेडला बरीच वर्षं उभा राहिलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शाळेत सांगायला उपयोग होईल.

हा दिवस लडाखचा आहे. तेव्हा तिबेटच्या बाजूची सीमा पोलीसच सांभाळायचे. ऑक्टोबर १९५९ मध्ये हॉट स्प्रिंग्जहून टेहळणीला तुकड्या गेल्या, त्यातली एक परत आली नाही. दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, करमसिंग नावाचे अधिकारी माणसं घेऊन त्यांना शोधायला निघाले, आणि चिनी सैनिकांनी वरून गोळीबार केला. दहा जण गेले. मृतदेह मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. लोकांना ‘सीमेवर लढले’ एवढंच माहीत असतं. ते निघाले होते ते हरवलेल्या साथीदारांना शोधायला. तुमच्या मित्राचं वाचताना मला हेच आठवलं. पोराला पुढे पाठवून स्वतः मागे उभा राहणारा माणूस त्याच जातकुळीचा.

परेडला वर्षभराची नावं वाचतात, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट, साऱ्या देशातली. आधी राज्य, मग हुद्दा आणि नाव. अधिकारी असो की शिपाई, आवाज तोच, वेग तोच. यादी लांब असते. उन्हात उभं राहून ऐकताना मधेच आपल्या ओळखीचं नाव येतं आणि हातातली रायफल एकदम जड होते. मग शोक शस्त्र, म्हणजे बंदुकीची नळी खाली आणि मान झुकलेली. बिगुल वाजतो. दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २०१८ साली याच तारखेला त्याचं उद्घाटन झालं. तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यापासून कर्तव्यावर असताना प्राण गेलेल्यांची नावं कोरली आहेत.

तुमचा मित्र गेल्या हिवाळ्यात गेला, म्हणजे त्याचं नाव यंदाच्या यादीत असायला हवं. मुख्यालयात राखीव पोलीस निरीक्षकांच्या ऑफिसला जाऊन आत्ताच विचारून घ्या. नावाचं स्पेलिंग, बक्कल नंबर, सगळं तपासा. त्या दिवशी चुकीचं नाव वाचलं गेलं तर घरच्यांना जन्मभर लागतं. आणि सकाळी परेडला तुम्ही वहिनींबरोबर आणि मुलीबरोबर जा. शाळा नंतर.

मुलीला सांगायचं की नाही, याबद्दल एकच. त्या अपघाताचा गुन्हा दाखल झाला असणार. तुमचा जबाब झाला असणार, डॉक्टर मॅडमचा, त्या पोराचाही. पहिली रुग्णवाहिका किती वाजता निघाली, दुसरी किती वाजता आली, सगळं कागदावर आहे. उद्या खटला उभा राहील, नुकसानभरपाईच्या दाव्यात कागद घरी येतील. ती पोरगी मोठी होईल आणि वाचेल. तेव्हा कागदातून कळण्यापेक्षा आज तुमच्या तोंडून कळू दे.

लाईनीतली_मुलगी

दादा, मी पोलीस लाईनीत वाढले. माझे पप्पा बंदोबस्तावर असताना गेले, मी आठवीत होते. सडेतोड यांना राग येईल, पण त्यांनी जे लिहिलंय तेच सगळ्यांनी माझ्या बाबतीत केलं. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. मला मोठं होईपर्यंत तुकड्या-तुकड्यांत कळत गेलं, तेही भलत्याच लोकांकडून. कुणी लग्नात सांगितलं, कुणी बसमध्ये. प्रत्येक वेळी मी ‘हो, माहीत आहे’ म्हणायचे आणि घरी येऊन आईवर चिडायचे. त्यामुळे सांगा. पण शाळेत नाही. घरी, आई समोर असताना, कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी. तिला रडायला, चिडायला, तुमच्याशी चार दिवस न बोलायला वेळ मिळाला पाहिजे. ती विचारेल, ‘बाबांना दुखत होतं का?’ मी विचारलं होतं. डॉक्टर मॅडमना आधी विचारून ठेवा आणि त्या सांगतील तेच सांगा, गोड करून काही सांगू नका.

‘गाडी काढली’ हे सांगताना टेम्पोचालकाचंही सांगा. तो कुठे आहे, कसा आहे. तिला कधी ना कधी त्याला भेटावंसं वाटेल. मला वाटलं असतं.

शाळेचं म्हणाल तर त्यांना ठणकावून सांगा की पहिल्या ओळीत नको, शाल नको, स्टेजवर बोलावणं नको. मला आमच्या शाळेने स्टेजवर उभं केलं होतं. मुख्याध्यापक बोलत असताना सगळी शाळा माझ्या तोंडाकडे बघत होती, मी रडते का ते. तिला तिच्या मैत्रिणींमध्ये बसू दे. यायचंच नसेल तर तेही चालेल, तिला विचारा.

आणि तुम्ही काय बोलणार? तो फोनचा किस्सा बोला ना! तिने तो ऐकला असेल असं मला वाटत नाही. पोलीस घरी येऊन असलं काही सांगत नाहीत. पप्पा दमून यायचे, बूट काढायचे, झोपायचे. ड्युटीवर ते कसे बोलायचे, कुणाला काय म्हणायचे, हे मला कुणी सांगितलं असतं तर आजही कान देऊन ऐकलं असतं. मला बक्षिसांची यादी पाठ आहे. त्यांचा कामावरचा आवाज कसा होता ते माहीत नाही.

नववी_ब

मी शिक्षिका आहे, थोडक्यात लिहिते. आमच्या मुलांना तुकाराम ओंबळे माहीत असतात. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटीची नाकाबंदी, हातात फक्त लाठी आणि समोरच्या एके-४७ ची नळी धरून ठेवलेली, मरणोत्तर अशोकचक्र. एवढं ती घडाघडा सांगतात. पण गेल्या वर्षी मी सांगितलं की ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये संशोधकांनी त्यांच्या नावावरून ‘इसियस तुकारामी’ हे नाव दिलं, तेव्हा वर्गात जे प्रश्न सुरू झाले ते तास संपला तरी थांबले नाहीत. मुलांना मोठे शब्द ऐकून सवय झालेली असते. काहीतरी नेमकं लागतं.

तुमच्याकडे ते आहे. कोन, बॅटन, मागे उभा राहणारा माणूस. मुलांना विचारा, अपघात दिसला तर आधी काय कराल? सगळी म्हणतील, जखमीला उचलू. मग तुमचा मित्र आधी काय करायचा ते सांगा, कलम १३४ अ सांगा, ११२ आणि १०८ सांगा. त्या रात्रीबद्दल ‘अशीच मागची बाजू सांभाळताना तो गेला’ हे एक वाक्य पुरे आहे.

सडेतोड

लाईनीतली_मुलगी, राग नाही आला. तुमचं वाचून माझं मत बदललं. सांगा भाऊ, घरी सांगा.

पायलट_रात्रपाळी

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं.

काल वहिनींकडे जाऊन आलो. मुलगी क्लासला गेली होती. वहिनींना पहिल्या गाडीचं माहीत होतं, जबाबाच्या वेळीच कळलं होतं. म्हणाल्या, तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते. मुलीला आपण दोघं मिळून सांगू म्हणाल्या, या रविवारी. डॉक्टर मॅडमही येतो म्हणाल्यात, दुखण्याबद्दल विचारलं तर त्याच उत्तर देतील.

फोनचा किस्सा वहिनींनाही माहीत नव्हता. दोन वेळा परत सांगायला लावला. त्याची खिशातली वही त्यांच्याकडे आहे, तिच्या मागच्या पानांवर वेगवेगळ्या ठाण्यांचे नंबर आहेत, तालुक्यांप्रमाणे लावलेले. हे कशाचे नंबर आहेत हे त्यांना इतके दिवस उमगत नव्हतं.

शाळेला कळवलंय, पहिली ओळ नाही, शाल नाही. मुख्याध्यापिका लगेच हो म्हणाल्या. तो नवीन पोरगाही येणार आहे, त्याला कोन आणि बॅटन घेऊन यायला सांगितलंय. मुलांना शाळेच्या मैदानावर प्रत्यक्ष दाखवू, किती लांब उभं राहायचं ते.

जुना_हवालदार, मुख्यालयात जाऊन आलो. नाव यादीत आहे, पण वडिलांचं नाव चुकलेलं होतं. कारकुनाने माझ्यासमोर दुरुस्त केलं. ती यादी दिल्लीपर्यंत तशीच जाते का, की तिकडे वेगळा अर्ज करावा लागतो? माहीत असेल तर सांगा, रजा टाकून जाईन.