आरएक्स १००: वजन उतरवू की हॉर्सपॉवर वाढवू? (मदत हवी आहे)

खाडीपलीकडचा
मंडळी, मी गुहागरकडचा. वडिलांची जुनी यामाहा मोटरसायकल, आरएक्स १००, दोन वर्षं खपून पुन्हा उभी केली आणि हिवाळ्यात घाटावर धावपट्टीवरच्या ड्रॅग मीटला (उभ्या गाडीपासून सरळ रेषेतली शर्यत) नेली. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. चिठ्ठीवर आलं २१.३ सेकंद, शेवटचा वेग ताशी ९३ किमी. शेजारच्या लेनमधला गडी मी पोचेपर्यंत हेल्मेट काढून मोकळा!

घरी येऊन नेहमीचं सूत्र मांडलं: स्वारासकट वजन पौंडात, भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ, गुणिले ५.८२५. गाडी १०३ किलो, मी हेल्मेट-बूट धरून ८४, मिळून ४१२ पौंड. ताकद ११ हॉर्सपॉवर. उत्तर येतं १९.५ सेकंद. मग माझे पावणेदोन सेकंद गेले कुठे?

१२ किलो उतरवले तर सूत्र १९.१ देतं. ताकद पावणेबारा केली तरी तेवढंच. मेकॅनिक ताकद वाढवायला पोर्टिंग (सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं) आणि एक्स्पान्शन चेंबर (फुगीर सायलेन्सर) यांचा खर्च सांगतोय. आई म्हणते, रात्रीचा भात सोड, फुकटात होईल. सुरमईचं कालवण समोर असताना हे तिलाच सुचू शकतं. पैसे कुठे घालू? आणि हिरवा दिवा लागल्यावर मी गोंधळलो होतो, त्यात किती गेले?

गिअरबॉक्स
दिव्याचं सोडा. घड्याळ पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटल्यावर चालू होतं, गोंधळलात तर शर्यत हराल, वेळ तीच राहील.

तुमचं सूत्र मोटारींच्या आकड्यांवरून बसवलेलं आहे. त्याच्याच जोडीचं वेगाचं सूत्र तुमच्या गाडीला शेवटी ताशी ११२ किमी देईल. आरएक्स तिथं कुठली पोचायला! हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते: ८० वरून १०० वर जायला जवळपास दुप्पट. ११ हॉर्सपॉवरमधली बहुतेक तिथंच संपते, आणि त्या टप्प्यात वजनाचा फारसा प्रश्न उरत नाही. वजन नडतं ते सुटताना, पहिल्या दुसऱ्या गिअरला. शिवाय ११ हा आकडा इंजिनवरचा, चेन-गिअर खाऊन चाकाला कमीच मिळतात.

बसला होतात कसे?

खाडीपलीकडचा
ताठ. फोटो बघितला आत्ता, वरातीतल्या नवऱ्यासारखा.

गिअरबॉक्स
मग आधी टाकीवर छाती टेका, कोपरं आत घ्या. क्लच प्लेटा बघा, सुटताना घसरत असतील तर चेंबर लावून उपयोग नाही. मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एक-दोन दात मोठं टाकून बघा. वजन काढायचंच तर चाकांतून काढा, ते फिरवावंही लागतं. आणि कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) किनाऱ्यावरच्या दमट हवेत बसवलात ना? धावपट्टीवर गेल्यावर प्लग काढून रंग बघा.

सराव मात्र समुद्रावर किंवा हमरस्त्यावर नको. रस्त्यावरच्या शर्यतीला मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, आणि वाळूत चाक फिरतं, गाडी नाही.

खाडीपलीकडचा
प्लग काढला. काळा, तेलकट, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. उद्या जेट, मग क्लच. भाताचा विषय आईसमोर काढलेला नाही.