७४८५ : दोन्ही आकडे सारखे दिले की तिन्ही एलईडी बंद

कोथरूडची_ईटीसी :
सोमवारी सबमिशन आहे. दोन ७४एलएस८५ (चार-चार बिट तपासणाऱ्या आयसी) जोडून आठ बिटचा कम्पॅरेटर, म्हणजे ए आणि बी या दोन आकड्यांत मोठा कोण ते सांगणारं सर्किट, ब्रेडबोर्डवर लावलाय. ए मोठा असला की लाल लागतो, बी मोठा असला की हिरवा. पण दोन्हीकडे १०११०१०० दिलं की पिवळा लागायचा सोडून सगळं विझतं. तेच एलईडी खालच्या चार बिटांच्या आयसीला लावून पाहिले, तर बरोबरीला लाल आणि हिरवा दोन्ही! शनिवारच्या गर्दीत तपकीर गल्लीत जाऊन नवी आयसी आणली, तरी तेच.

निवृत्त_भोसरीकर :
आयसी ठणठणीत आहे. खालच्या आयसीच्या २, ३, ४ नंबरच्या पिना कुठे जोडल्यास?

कोथरूडची_ईटीसी :
तिन्ही ग्राउंडला. वापरात नसलेली पिन मोकळी सोडू नका, असं सर म्हणाले होते.

निवृत्त_भोसरीकर :
सर बरोबर, पण या पिना वापरात आहेत गं. ४१२ आणि ३९८ मध्ये मोठा कोण, हे आपण पहिल्या आकड्यावरच ठरवतो ना? आयसीही वरच्या बिटापासून बघत येते. चारही बिट जुळले तरच या पिनांना विचारते, 'खाली काय ठरलं?' तुझं उत्तर : मोठा नाही, लहान नाही, सारखाही नाही. मग ती मोठा-लहान दोन्ही आउटपुट १ करते, सारखा ०. तेच १-१-० वरच्या आयसीला मिळालं की ती तिन्ही शून्य करते. डेटाशीटच्या तक्त्यात शेवटी हे दिलेलं असतं, तिथवर कुणी पोचत नाही.
खालच्या आयसीची ३ नंबर ५ व्होल्टला लाव, २ आणि ४ ग्राउंडलाच राहू देत. मधल्या वायरी खालच्या आयसीच्या ५ची वरच्या आयसीच्या ४ला, ६ची ३ला, ७ची २ला. ५ची २ला लावून मी एकदा अख्खी दुपार घालवलीये.

कात्रज_बायपास :
७४८३ अ‍ॅडर (बेरीज करणारी आयसी) वापरा की. बीचे बिट उलटे करून कॅरी-इन (आत येणारा हातचा) १ द्या, म्हणजे ए वजा बी होतं. कॅरी-आउट १ आला तर ए मोठा किंवा सारखा.

निवृत्त_भोसरीकर :
चालेल, पण 'सारखा' वेगळा काढायला बेरजेच्या सगळ्या बिटांवर नॉर गेट (सगळे ० असले तरच १ देणारं) लागेल. नुसती बरोबरीच हवी असेल तर एक्सनॉर (दोन बिट सारखे असले की १) आणि अँड (सगळे १ असले की १) पुरे. आणि हो, ७४८५ ऋण आकडे ओळखत नाही, ११११ला १५ धरते, −१ नाही. व्हायव्हाला तयार राहा.

कोथरूडची_ईटीसी :
पिवळा लागला काका!! जुनी आयसीपण चालतेय. आता तीन झाल्या, बारा बिट करू?

निवृत्त_भोसरीकर :
कर. आधी वायरी मोज.