मदत हवी आहे : मुंबईजवळ परवडणारे आणि लोकलला सोयीचे भाड्याचे घर कुठे बघावे?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मला आणि माझ्या नवऱ्याला मुंबईत कामावर रुजू व्हायचे आहे आणि अजून राहण्याची जागा ठरलेली नाही. जाहिराती बघाव्यात तर बदलापूरपासून विरारपर्यंत सगळीकडे 'स्टेशनपासून पाच मिनिटे' एवढेच लिहिलेले असते आणि दलालांना फोन केला तर त्यांच्या हातात जी जागा रिकामी असेल तिचेच गुणगान ऐकावे लागते. आम्हाला गाडी घ्यायची नाही, लोकल आणि मेट्रोनेच ये-जा करायची आहे. भाडे पंचवीस हजारांच्या आत बसले पाहिजे. कृपया एकच नाव सुचवा आणि तेच का, हेही सांगा. या शनिवार-रविवारी जागा बघायच्या आहेत, तेव्हा उत्तरे लवकर आली तर फार मदत होईल.

जुना_डोंबिवलीकर
ताई, ऑफिस कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलेच नाही. फोर्ट, बीकेसी, अंधेरी आणि पवई या सगळ्यांनाच बाहेरची माणसे 'मुंबई' म्हणतात, पण मध्य, पश्चिम आणि हार्बर हे तीन वेगळे मार्ग आहेत आणि चुकीच्या मार्गावर घर घेतले तर रोज दादर किंवा कुर्ल्याला पूल ओलांडण्यातच जीव जातो. दोघांचे ऑफिस एकाच भागात आहे का? वेळ काय आहे? घरात आणखी कोणी आहे का? एवढे कळू द्या, मग नाव सुचवता येईल.

वसईची_लेक
ऑफिस कुठेही असो, पंचवीस हजारांत विरारला ऐसपैस घर मिळेल. महत्त्वाची गोष्ट म्हणजे विरारहून सुटणारी फास्ट पकडली की बसायला मिळते. बोरिवलीला राहणारे लोक जास्त भाडे भरतात आणि अंधेरीपर्यंत उभे राहतात. गाडी जिथून सुटते तिथे राहावे, हे मी लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

बदलापूरकर
वसईची_लेक, त्या पट्ट्यात किती सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात, तेही सांगा. शिवाय जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी साचले तेव्हा विरारकडची वाहतूक बंद पडली होती. त्या वेळी रस्त्याने यायचे तर घोडबंदरला वळसा घालावा लागतो, कारण भाईंदर आणि नायगावच्या मध्ये वसईच्या खाडीवर पूल आहे तो रेल्वेचा. बदलापूरला हवा चांगली आहे, भाडे कमी आहे आणि बदलापूरहूनही गाड्या सुटतात. धागाकर्तीने बदलापूर पूर्व बघावे.

वसईची_लेक
पाण्याचा विषय बदलापूरकरांनी काढावा याचे आश्चर्य वाटते. जुलै २०१९मध्ये उल्हास नदीला पूर आला तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. दुसरे असे की कल्याणच्या पुढे मार्ग फुटतो, काही गाड्या कसाऱ्याकडे जातात आणि काही कर्जतकडे, त्यामुळे तुमच्या वाट्याला गाड्या मुळातच कमी येतात. एक चुकली तर दुसरी कधी येते ते तुम्हीच प्रामाणिकपणे सांगा.

हिशेबनीस
माझा सल्ला थोडा वेगळा आहे. भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा कर्ज काढून छोटे घर विकत घ्यावे. २०१७पासून महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे सरकारी प्राधिकरण आहे, त्यामुळे प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताबा कधी मिळणार आणि काही तक्रारी आहेत का, हे संकेतस्थळावर बघता येते. म्हाडा आणि सिडको या सरकारी संस्थांच्या घरांच्या सोडतींवरही लक्ष ठेवावे.

जुना_डोंबिवलीकर
हिशेबनीस, त्यांना एक तारखेला कामावर हजर व्हायचे आहे. सोडत लागून ताबा मिळेपर्यंत त्या राहणार कुठे? त्यांनी भाड्याचे विचारले आहे, त्यावरच बोलू या.

कोरा_कागद
तपशील देते. माझे ऑफिस अंधेरी पूर्वेला, सीप्झजवळ आहे. नवऱ्याचे ऐरोलीला, स्टेशनच्या बाहेरच्याच आयटी पार्कमध्ये आहे. दोघांनाही सकाळी साडेनऊपर्यंत पोचायचे आहे आणि संध्याकाळी निघायला सात वाजतील. आई आमच्याबरोबर असते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, जिने चढवत नाहीत आणि दर महिन्याला तिला परळच्या एका रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे लागते. कृपया विरार की बदलापूर हा वाद बाजूला ठेवून आता नेमके काय करावे ते सांगा.

उलवेवासी
मग उलवे बघा. बेलापूर आणि नेरूळहून निघणारा मार्ग २०१८मध्ये खारकोपरपर्यंत आला आणि जानेवारी २०२४मध्ये उरणपर्यंत गेला. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. इमारती नव्या आहेत आणि सगळीकडे लिफ्ट आहे, आईंना त्रास होणार नाही. भाडीही अजून आवाक्यात आहेत.

जुना_डोंबिवलीकर
उलवेवासी, घर म्हणून उलवे उत्तम असेल, पण उरण मार्गावर गाड्या फार विरळ आहेत आणि सीप्झला जाणाऱ्या माणसाला तिथून नेरूळ, मग कुर्ला किंवा ठाणे, मग घाटकोपर असे करत पोचावे लागेल. विमानतळाचा त्यांच्या रोजच्या प्रवासाशी काहीही संबंध नाही.

ताई, आता चित्र स्पष्ट झाले. तुमचे दोन प्रवास दोन दिशांचे आहेत, पण ते ठाण्याला एकत्र येतात. ऐरोलीला जाणारी ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाणे ते नवी मुंबई या मार्गाची गाडी ठाण्याहून सुटते आणि दिघा गाव हे मधले स्टेशन गेले की ऐरोली येते. तुम्हाला ठाण्याहून मुख्य मार्गाने घाटकोपर, तिथे मेट्रो १ने मरोळ नाका आणि मरोळ नाक्याला मेट्रो ३मध्ये बदलून सीप्झ असे जाता येते. त्यामुळे विरार हा पर्याय आजच खोडून टाका. तुमच्यासाठी अंधेरी सोपे होईल, पण तुमच्या यजमानांना विरारहून ऐरोली गाठायची म्हणजे वसई-दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्यांच्या भरवशावर राहावे लागेल किंवा दादरला येऊन पुन्हा उलटे ठाण्याला जावे लागेल.

आमच्या डोंबिवलीचा मला अभिमान आहे, पण तुम्हाला मी डोंबिवलीही सुचवणार नाही. सकाळी साडेसात-आठला डोंबिवलीच्या फलाटावर फास्टमध्ये शिरणे हे सवयीचे काम आहे. कल्याणहून भरून आलेल्या गाडीत दारातल्या माणसांनी आत सरकायचे मनावर घेतले तरच पाय ठेवायला जागा होते, म्हणून कित्येक जण आधी उलट्या दिशेने जाऊन रिटर्न येतात. आत बसायला मिळाले तरी तीन जणांच्या बाकावर चौथी सीट मिळते, म्हणजे अर्धे अंग बाहेर. जून २०२५मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसे पडून मेली, ती याच गर्दीतली होती. ज्यांना दुसरा पर्याय नाही ते हे करतात. तुम्हाला पर्याय आहे.

ठाणे_पूर्व
जुना_डोंबिवलीकर यांना पूर्ण अनुमोदन. मी कोपरीत, म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेला राहतो. ट्रान्सहार्बरचे फलाट नऊ आणि दहा याच बाजूला आहेत, त्यामुळे तुमच्या यजमानांचा प्रवास अगदी सरळ होईल आणि सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत जागाही मिळेल. तुम्हाला मात्र पश्चिमेच्या बाजूच्या फलाटांवर यावे लागेल. तिथून ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा आणि कल्याणकडून येणाऱ्या फास्टच्या मागे लागू नका. स्लोने घाटकोपरला थोडी मिनिटे जास्त लागतात, पण बसून जाता येते.

आईंसाठीही हाच मुद्दा आहे. परळला जाताना ठाणा स्लोमध्ये त्यांना बसवता येईल आणि कुठेही गाडी बदलावी लागणार नाही. स्टेशनात लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तरी कोणता जिना कोणत्या फलाटावर उतरतो ते एकदा फिरून बघून ठेवा, कारण त्यांना घेऊन जाताना तिथे शोधाशोध करणे कठीण जाते.

ऐरोली_सेक्टर
मी ऐरोलीकर म्हणून विरोधी बाजू मांडते. ऐरोलीत घर घेतले तर घरातल्या एका माणसाचा प्रवासच संपतो, तो पायी ऑफिसला जाईल. आईंना अचानक काही झाले तर दहा मिनिटांत घरी पोचणारे कोणीतरी असेल. सिडकोच्या सेक्टरांमध्ये रो हाउसचे तळमजले भाड्याने मिळतात, तिथे जिन्याचा प्रश्न येत नाही. धागाकर्तीला ठाण्याला एक गाडी जास्त बदलावी लागेल, हे मान्य. पण एकाने जास्त सोसायचे आणि दुसऱ्याने मोकळे राहायचे, असेही अनेक घरांत समजुतीने ठरवतात.

वसईची_लेक
आणि जास्त सोसायचे ते बाईनेच का? त्या ऐरोलीहून ठाण्याला येणार, फलाट बदलणार, घाटकोपरला उतरणार, मेट्रोच्या रांगेत उभ्या राहणार, मरोळला पुन्हा मेट्रो बदलणार. संध्याकाळी हेच उलटे. घाटकोपरला ऑफिस सुटायच्या वेळी मेट्रोतून लोकलकडे येणारा लोंढा मी पाहिलेला आहे. घरी येऊन आईंचे सगळे त्यांनाच बघायचे असणार. विरार जमत नाही हे मला पटले आहे, पण मग ज्याचा प्रवास अवघड त्याच्या सोयीने घर घ्या. म्हणजे ठाणे, मुलुंड किंवा थेट घाटकोपर.

ऐरोली_सेक्टर
तुमचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो नाकारत नाही. घाटकोपर मात्र त्यांच्या भाड्यात बसणे अवघड दिसते. मुलुंडहून ऐरोली पुलावरून बसने ऐरोलीला येता येते, म्हणून मुलुंड पूर्व हा मधला पर्याय होऊ शकतो. पण ठाणा स्लो मुलुंडला येईपर्यंत सकाळी बसायची जागा उरत नाही.

बदलापूरकर
सीप्झला मेट्रोशिवायही जाता येते, हे कोणी लिहिले नाही. कांजूरमार्गला उतरून पवईमार्गे बस किंवा रिक्षा मिळते. पावसाळ्यात पवईचा रस्ता तुंबतो, पण मेट्रो बंद पडली तर हा मार्ग माहीत असावा. त्या रस्त्यावर मेट्रो ६चे काम चालू आहे. मात्र ती सुरू होईल तेव्हा होईल, आज तिच्या भरवशावर घर घेऊ नये. घोडबंदरच्या जाहिरातींत मेट्रो ४चे नाव घेतात, तिथेही हेच लक्षात ठेवा.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार. नवऱ्याशी बोलले. आईला परळला एका गाडीत नेता येणे आणि मला बसून घाटकोपर गाठता येणे, या दोन गोष्टींमुळे कोपरी आधी बघायची आणि तिथे जमले नाही तर ऐरोलीचा तळमजला बघायचा, असे ठरत आहे. कोपरीत आमच्या भाड्यात बसणाऱ्या बऱ्याच इमारती जुन्या आणि बिनलिफ्टच्या दिसतात. तिथे काय तपासावे?

ठाणे_पूर्व
बिनलिफ्टच्या इमारतीत तळमजला किंवा फार तर पहिला मजला बघा, पण तळमजल्यावर पावसाचे पाणी शिरते का, हे घरमालकाला न विचारता शेजारच्या बिऱ्हाडाला विचारा. पाणी किती वाजता येते आणि टाकीत किती वेळ पुरते, तेही त्यांच्याकडूनच कळेल. दलाल म्हणेल त्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवू नका. घरापासून फलाटापर्यंत आईंच्या चालीने स्वतः चालून बघा, कारण स्टेशनच्या हद्दीला पोचणे आणि फलाटावर पोचणे यांत बराच फरक असतो.

शनिवार-रविवारी घर बघा, पण प्रवास कामाच्या दिवशी सकाळी करून बघा. रविवारी रुळांच्या देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो, गर्दी आणि वेळापत्रक दोन्ही वेगळे असतात, त्यावरून काहीच अंदाज येत नाही. शक्य असेल तर अनामत देण्यापूर्वी एखाद्या सोमवारी आठच्या सुमारास ठाणा स्लोने सीप्झपर्यंत जा आणि सात वाजता तिथून परत या.

कोरा_कागद
सोमवारची रजा टाकते. आता शेवटचा प्रश्न. एका घरमालकाने फोनवर सांगितले की अकरा महिन्यांचा करार असल्यामुळे नोंदणी लागत नाही, साध्या मुद्रांक कागदावर सह्या केल्या की झाले. हे खरे आहे का?

हिशेबनीस
अजिबात खरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुम्ही करणार आहात तसा घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकलेली आहे आणि ती न केल्यास त्याला शिक्षेची तरतूद आहे. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे आहे हे घरमालकाने सिद्ध करावे लागते. हा मुद्दा त्यांना शांतपणे सांगितलात तर बहुतेक मालक तयार होतात. नोंदणी आता घरी बसून अंगठ्याचा ठसा देऊनही होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते आणि अनामत रकमेचाही त्या हिशेबात विचार होतो, तेव्हा खर्च फार येत नाही. अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळणार आणि सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) कोण भरणार, हे तिन्ही करारात लिहून घ्या. नोंदणीला तयार नसेल ते घर कितीही आवडले तरी अनामत देऊ नका.